प्लेज कार्ड कोरंच का परत येतं?

मागच्या अंकात चर्चच्या वर्गणीबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, या महिन्यात सगळी पत्रं त्याचीच. मी स्वतः आमच्या मंडळीची खजिनदार होते बरीच वर्षं, त्यामुळे अर्पणाची थाळी दोन्ही बाजूंनी बघितलीय, म्हणून जरा सैल हाताने उत्तरं देतेय, चालवून घ्या.

जय ख्रिस्त ताई. मी वास्कोजवळच्या एका मराठी मंडळीचा खजिनदार. आमची माणसं मिरज, नगर, बेळगावकडून पोर्टात नि शिपयार्डात नोकरीला आलेली, आता तिसरी पिढी चालू आहे. एकूण ६० कुटुंबं. चर्चच्या छपराचे वासे वाळवीने खाल्लेत, दोन पावसाळे ताडपत्रीवर काढले, कॉन्ट्रॅक्टर ४ लाख ८० हजार म्हणतो. पाळकसाहेबांनी बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकावर जोरदार उपदेश केला, त्याच दिवशी प्लेज कार्डं, म्हणजे कोण किती देणार ते लिहून द्यायची कार्डं, वाटली. ६० पैकी ११ परत आली, त्यातली ४ कोरी. लोकांची श्रद्धा कमी झाली का?

दादा, श्रद्धेचं मी काय सांगणार, पण तुमचं मागणं चुकलं हे इथे बसून दिसतंय.

पहिली गोष्ट, छप्पर कुणी बघितलंय का? म्हणजे वर चढून? रविवारी माणसं येतात, बाकावर बसतात, समोर बघतात. ताडपत्रीची तर दोन वर्षांत सवयच झाली असणार. आमच्याकडे असंच झालेलं तेव्हा सुताराने काढलेला वाशाचा हातभर तुकडा मी सरळ दारात, चप्पल काढायच्या जागी स्टुलावर ठेवला, वर काही लिहिलं नाही. भक्ती संपल्यावर एका म्हाताऱ्या आजीने सहज अंगठा दाबला तर अंगठा नखापर्यंत आत गेला आणि भुसा खाली पडला. त्या म्हणाल्या, हे आमच्या डोक्यावर होतं? बस. त्या दिवशी उपदेश कशावर होता ते आज कुणालाही आठवत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वाळवीचा वासा आणि ओली मंगलोरी कौलं यांचं पुढे काय होतं ते इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, फक्त दाखवावं लागतं.

दुसरं म्हणजे मलाखी. तिसऱ्या अध्यायातलं ते 'सगळा दशमांश भांडारात आणा' आपल्याकडे वर्गणी थकली की हटकून निघतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला चोर म्हणतायत, कारण त्याच्या आधीच्याच वचनात देवाला ठकवल्याची भाषा आहे. पाळकसाहेबांना माझा सलाम सांगा आणि पुढच्या वेळी पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, ८ आणि ९ हे अध्याय घ्या म्हणावं. तिथे तर चक्क थकलेल्या प्लेजचीच केस आहे! यरुशलेमातल्या गरीब भावांसाठी मदत द्यायचं करिंथकरांनी वर्षापूर्वी मोठ्या हौसेने ठरवलेलं, आणि मग काम अर्ध्यावर राहिलं. पौल ओरडत नाही. मासेदोनियाची माणसं हातात काही नसताना कशी पुढे आली ते सांगतो, तुम्ही सुरू केलंय तर आता पुरंही करा म्हणतो, आणि देणगी आधीच तयार ठेवा म्हणतो, म्हणजे मी आल्यावर ती ओरबाडून घेतल्यासारखी व्हायला नको. पैसे न्यायला आपला सोबती तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ पाठवतो, का, तर एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी बोट दाखवू नये. प्रेषित असून तो एकट्याने पैशाला हात लावत नाही, आणि आपल्या मंडळ्यांत पासबुक एकाच्याच कपाटात असतं. (तुमच्याबद्दल म्हणत नाहीये, पण विचारून ठेवते, सही कितीजणांची लागते?)

आता आकडा. ४ लाख ८० हजार हा आकडा स्टेजवरून ऐकला की पोर्टातला रिटायर माणूस मनात म्हणतो माझ्या ५०० ने काय होणार, आणि कार्ड खिशातच राहतं. तो आकडा आधी फोडा. दोन वर्षं धरली तर महिन्याला २० हजार. कुटुंबामागे सारखी पट्टी लावू नका, त्याने गरीब दबतो आणि बऱ्यापैकी कमावणारा स्वस्तात सुटतो. असं बघा, १० घरं १००० देतील, २० घरं ३००, २५ घरं १५०, आणि ५ घरांना सध्या काहीच जमणार नाही असं धरून चला. महिन्याला १९,७५० झाले. दोन वर्षांत ६ हजार कमी पडतात, ते हंगामाच्या सणाच्या लिलावातून निघतात हो, आमच्याकडे एका शहाळ्याला मेव्हण्या-मेव्हण्यांच्या चुरशीत ९०० आले होते. हे गणित फळ्यावर लिहा. माणूस स्वतःला कुठल्यातरी ओळीत बसवून बघतो, आणि सगळ्यात खालची ओळ पण मोजलीय हे त्याला दिसतं.

दोन वर्षं छप्पर थांबणार नाही ते कळतंय. पण अर्धं काम, वेदीकडची बाजू, या मेच्या आत होईल एवढं आधी उभं करा, कॉन्ट्रॅक्टर टप्प्याने घेतो. नवीन वासे दिसले की उरलेली कार्डं आपोआप येतात, हा माझा अनुभव आहे.

आणि पंचांची कार्डं आली का? त्या ११ मध्ये पंच किती? याचं उत्तर मला कळवू नका, पंचांच्या मीटिंगमध्ये द्या. तिथे आधी भरली गेली पाहिजेत, आकडे नको सांगायला, 'आम्ही पंच सगळ्यांनी भरली' एवढं एक वाक्य रविवारी पुरे होतं. मग घरोघरी जा, दोघं दोघं, चहा प्या, छपराचं सांगा आणि कार्ड ठेवून या, तिथेच भरून घ्यायला बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर रिमाइंडर टाकलात तर लोक हात जोडलेला इमोजी पाठवतील, पैसे नाही.

दर महिन्याला बोर्डावर तीन ओळी: आले किती, गेले किती, बाकी किती. महिना रिकामा गेला तरी लावा, तेव्हा तर नक्की लावा.

ताई, नाव छापू नका. माझे मिस्टर बागा-कळंगुटच्या बाजूला हॉटेलात आहेत. डिसेंबरात सीझन चांगला होता, टिप्स पण येत होत्या, आम्ही आनंदाने महिन्याला १००० लिहून दिले. जूनपासून हॉटेलने निम्म्या लोकांना घरी बसवलं, त्यात हे पण. तीन महिने पाकीट दिलं नाही. आता चर्चला जायलाच नको वाटतं. देवाला दिलेलं वचन मोडलं तर पाप लागतं ना?

वहिनी, आधी चर्चला जा. उरलेलं नंतर वाचलंत तरी चालेल.

नवस आणि प्लेज एक नाही. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात नवस लवकर फेडायला सांगितलंय ते खरं, पण त्याच ठिकाणी असंही आहे की नवस केलाच नाहीत तर पाप नाही. आणि मंडळीचं प्लेज म्हणजे आजच्या कमाईवर धरलेला अंदाज, बँकेचा हप्ता नव्हे. पौलच म्हणतो, मन असलं की ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. त्यापेक्षा जास्त मागायचा हक्क खजिनदाराला कुठून आला?

तुम्ही एवढंच करा, खजिनदारांना बाजूला घेऊन सांगा, सीझन सुरू झाला की परत धरतो, तोपर्यंत शून्य लिहा. चांगला खजिनदार 'बरं' म्हणतो आणि वहीत लिहितो. मी खजिनदार असताना असं कुणी येऊन सांगितलं की मला हलकं वाटायचं, कारण नेमके किती येणार ते कळायचं. न सांगता पाकीट बंद झालं की मात्र रागावलेत की आजारी आहेत की गाव सोडलं तेच कळायचं नाही.

खरं तर चूक कार्डाची आहे. गोव्यात मे संपला की शॅक उतरतात, हॉटेलं निम्मी रिकामी, टॅक्सीवाला घरी. इथे बारा महिन्यांचे बारा सारखे चौकोन असलेलं कार्ड छापतं कोण? ऑक्टोबर ते मे असे आठ चौकोन ठेवा आणि पावसाचे चार महिने मोकळे, कुणाला द्यायचं असेल तर देईल. शेतीची माणसं असंच देत आलीत, पीक निघालं की. रायला ५ ऑगस्टला आणि ताळगावला २१ ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं, नवं कणीस आधी देवाकडे जातं, पण कणीस आल्यावर! पेरणीच्या दिवशी कुणी मागत नाही.

आणि तरीही हात रिकामा ठेवून जायला कसंसंच होत असेल तर एक सांगते. मिझोराममधल्या प्रेसबिटेरियन बायका १९१० पासून रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, तो गोळा होऊन विकला जातो आणि त्यावर चर्चचं मोठं काम चाललंय. रोजच्या शितातली मूठ. एक डबा ठेवून बघा. नाही जमलं तर तेही राहू दे.

आमच्या चर्चमध्ये कोणी किती दिले ते वर्षाच्या शेवटी मोठ्याने वाचतात. काही म्हणतात त्यामुळेच कलेक्शन होतं. तुमचं मत? - फोंडा

बंद करा. एका वर्षी मी स्वतः बाकीदारांची नावं वाचली होती, अगदी गोड आवाजात. पुढच्या तीन महिन्यांत पैसे आले, आणि दोन कुटुंबं गेली ती परत आली नाहीत, त्यातल्या एकाच्या घरात त्या वर्षी डायलिसिस चालू होतं हे मला नंतर कळलं. त्या हिशेबात मी नफ्यात होते की तोट्यात ते मला आजही सांगता येत नाही. पाकिटाला नंबर द्या, नंबर आणि नाव यांची यादी खजिनदाराकडे आणि आणखी एकाकडे, संपलं. देवळाच्या जत्रेत पावणी मोठ्याने होते, आपल्या सणाचा लिलाव पण मोठ्याने होतो, ती मजा आहे, तिथे आपण हात वर करतो. महिन्याचं अर्पण ते नव्हे. बायबलातल्या गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, टाकल्या तेव्हा येशू शिष्यांशी बोलला, तिला हाक मारून उभी केली नाही.

मी म्हापशाजवळचा, कॅथलिक, पण शाळा मराठीत झाली म्हणून तुमचं मासिक वाचतो. आमच्या वाड्यावरच्या कपेलाचं, म्हणजे छोट्या चर्चचं, रंगकाम आहे. माझा मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो, तो ५० हजार देतो म्हणाला, पोर्तुगीज पासपोर्टवाला आहे. कपेलाच्या खात्यात टाकू सांगू ना?

थांबा हां. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांपैकी कितीतरी जणांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे आणि कुणी विचारत नाही. भारतीय पासपोर्टवर दुबईत कमावणारा आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्फत पाठवतो ते परकीय देणगीत धरत नाहीत. पण पासपोर्ट बदलला की तो कायद्याने परदेशी नागरिक, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते ओसीआय कार्ड असो, कोंकणी बोलो, दर फेस्ताला येवो. त्याचे पैसे घ्यायला संस्थेला एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा आधी परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. डिसेंबरात सुट्टीला येऊन त्याने रुपयांत दिले तरी तेच.

'मग माझ्या खात्यात टाकू दे, मी माझे म्हणून देतो' हे तुमच्या मनात आलंच असणार, ते करू नका. कपेलाचे पैसे शेवटी पॅरिशच्या हिशेबात जातात ना, मग पाद्रीबाबांना विचारा नोंदणी आहे का. नसेल तर मावसभावाला म्हणावं सुट्टीत ये आणि ब्रश हातात घे, घाम गाळायला कुठली परवानगी लागत नाही. आणि ते ५० हजार वाड्यावरच्या वीस घरांनी मिळून उभे केले तर प्रत्येकी २५००, फेस्ताच्या फटाक्यांत यापेक्षा जास्त जातात की नाही ते तुम्हीच सांगा.

थाळीत आता कुणी नोट टाकत नाही, सगळे क्यूआर स्कॅन करतात. हे बरोबर आहे का? आणि इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते का?

दुसऱ्याचं आधी: फक्त धार्मिक कामाच्या संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीदाराला सूट देणारी मान्यता, सहसा मिळत नाही, नव्या टॅक्स रेजीममध्ये ती वजावटच नाही, आणि जिथे मिळते तिथेही २००० च्या वर रोख दिलेली धरत नाहीत. सूट मिळेल म्हणून कुणाला मागू नका.

क्यूआरने हिशेब सोपा झाला, मी विरोधात नाही. फक्त आमच्या पुढच्या बाकावर एक पोरगं बसतं, पाचेक वर्षांचं, त्याने परवा आईला विचारलं की आपण देवाला काहीच का देत नाही. तिने रविवारी सकाळीच मोबाईलवरून दिलेले, त्याला दिसणार कसे? आता ती त्याच्या हातात दहाचं नाणं देते. थाळी जवळ येईपर्यंत तो ते मुठीत धरून बसतो आणि टाकतो ते इतक्या जोराने की मागच्या बाकापर्यंत ऐकू येतं.