रिपोर्ट हातात दिल्यावर पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन इंजिनिअर आणि एक नेत्रतज्ज्ञ मैत्रीण मिळून कंपनी काढताय. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा खराब होतोय का, हे तालुक्याच्या गावी फोटो काढून एआयने सांगायचं. डेटा कुठून आणावा, मॉडेल किती अचूक हवं आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड काढावी की सेक्शन ८ची, म्हणजे ना-नफा, हे विचारलंय. याच कामात माझी सात वर्षं गेली. पहिली दोन वाया गेली, म्हणून उत्तर जरा लांबेल.

अचूकतेचं आधी उरकतो, कारण त्यात तुम्ही अडणार नाही. गूगलच्या गटाचा निबंध 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर २०१६ मध्ये आला. सव्वा लाखाहून जास्त फोटो, ५४ डॉक्टरांनी तपासलेले, आणि निकाल नेत्रतज्ज्ञांच्या तोडीचा. त्या फोटोंत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातले आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातलेही होते. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, अशा एका यंत्रणेला परवानगीही दिली. तेव्हा मॉडेल बनतं की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही.

पुढे हेच गूगलचं मॉडेल थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत नेलं, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. तो मात्र तिघांनी बसून वाचा. पहिल्या सहा महिन्यांत १८३८ फोटो यंत्रणेत गेले आणि त्यातले २१ टक्के तिने नाकारले. कारण काय, तर खोलीत अंधार होत नव्हता. आणि फोटो नाकारला की पेशंटने आणखी कुठल्या तरी दिवशी दुसऱ्या दवाखान्यात तज्ज्ञाकडे जायचं. लांबचा प्रवास पडेल म्हणून काही नर्स पेशंटला यात भागच घेऊ नका असं सुचवायला लागल्या. मला तर त्या नर्सचंच पटतं.

आमचं पहिलं शिबिर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. खिडकीला पडदा नव्हता. वॉर्डातली हिरवी चादर सुतळीने बांधली, तरी वरून उजेड येतच होता. बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स न घालता फोटो काढायचे होते. पण फ्लॅश पडला की बाहुली आकसते, आणि पुन्हा मोठी व्हायला माणूस काही मिनिटं अंधारात बसावा लागतो. आमच्या इंजिनिअरने काय केलं होतं? फोटो खराब आला की ॲप लगेच ओरडायचं, 'पुन्हा फोटो घ्या'. दुसरा फोटो पहिल्याहून काळा, तिसरा त्याहून काळा. म्हातारी माणसं तीन-तीन फ्लॅश खाऊन डोळे चोळत बाहेर यायची, आणि त्यातल्या निम्म्यांना मोतीबिंदू, म्हणजे फोटो तसाही नीट येणार नव्हताच. शेवटी ॲपमधली ती ओळ काढली. बाहेर एक स्टूल, वर काळं कापड, आणि दोन पेशंट आधीपासून त्याखाली बसवलेले. सात वर्षांत अचूकता सगळ्यात जास्त वाढवली ती या कापडाने.

पण पहिली दोन वर्षं वाया गेली म्हणालो ते यामुळे नाही. सहा महिन्यांनी त्याच गावात परत गेलो तेव्हा एक आजी आल्या. त्यांनी कनवटीची प्लास्टिकची पिशवी सोडली. आत रेशनकार्ड, आणि रेशनकार्डात आमचा रिपोर्ट, चार घड्या घातलेला. 'जपून ठेवलाय बघा,' म्हणाल्या. रिपोर्टवर इंग्रजीत लिहिलं होतं की यांना तज्ज्ञाकडे पाठवा. आजी गेल्या नव्हत्या. 'मला दिसतंय की चांगलं, मग कशाला जाऊ?' या आजाराची खोड हीच आहे, दिसायचं कमी होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. बरं, जायचं तरी कसं? यावरचा उपचार लेझरचा, आणि ते मशीन जिल्ह्याच्या गावी. ड्रॉप्स घातल्यावर धूसर दिसतं, म्हणून सोबत माणूस हवा. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. आणि देणगीदारांना पाठवलेल्या आमच्या अहवालात या आजी 'तपासणी झालेले रुग्ण' या रकान्यात यश म्हणून मोजलेल्या!

त्या रात्री सगळी यादी काढून बसलो. ज्यांना पुढे पाठवलं होतं त्यातले निम्मेसुद्धा पोचले नव्हते. दुर्दैव म्हणजे तोवर कुणी मोजलंच नव्हतं.

त्यानंतर पहिली नेमणूक इंजिनिअरची नाही केली. आशा म्हणून काम केलेल्या एका ताईंना घेतलं. त्या रोज दुपारी वही घेऊन फोन लावायच्या. 'का नाही गेलात?' याचं उत्तर पेशंटच्या शब्दांत लिहायच्या: सोबत नाही, शेतात काम आहे, सुईची भीती, पोरगी बाळंतपणाला आलीय. महिन्याभरात दिसलं की बहुतेकांची अडचण सोबतीची आहे. मग दर मंगळवारी एक जीप ठरवली, आठ जण एकत्र, ताई बरोबर. रिपोर्ट मराठीत केला, मोठ्या अक्षरात, त्यावर वार आणि ताईंचा नंबर. ती वही पुढे एक्सेलमध्ये गेली. कुणाला आधी फोन करायचा हे ठरवायला एआय लागलं नाही, नजर किती धोक्यात आहे त्याप्रमाणे यादी लावली की भागत होतं. तुमच्या गुंतवणूकदारांना हे आवडणार नाही, पण डेटा म्हणाल तर आमच्याकडचा सगळ्यात किमती डेटा ती वही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे कॉम्प्युटरचा गाजावाजा न करता केलं. गावातल्या प्रत्येक जन्माची आणि बालमृत्यूची नोंद आधी, मग गावातल्याच बाईला घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायचं शिक्षण. ३९ गावांत हे करून नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली छापून आलं. त्यांच्या वहीत शेवटचा रकाना बाळ जगलं की नाही हा होता, किती घरी गेलो हा नव्हता. तुमच्या वहीतला शेवटचा रकाना 'लेझर झालं' हा ठेवा.

आता डेटा. सुरुवातीला सगळ्यांसाठी खुले असलेले फोटोंचे दोन संच पुरतील. 'इड्रिड' हा ५१६ फोटोंचा संच आपल्या नांदेडच्या एका नेत्र दवाखान्यातला आहे, आणि अरविंदने २०१९ च्या एका एआय स्पर्धेसाठी दिलेले साडेतीन हजारांवर फोटो आहेत. त्यापुढचे फोटो ज्या कॅमेऱ्याने, ज्या गावात काम करणार तिथलेच जमवा. मला एकदा एका दवाखान्यातून पेन ड्राइव्हवर हजारो फोटो 'असेच घेऊन जा' म्हणून मिळत होते, नावांसकट. घेतले नाहीत, आणि तुम्हीही घेऊ नका. एथिक्स कमिटीची मंजुरी, पेशंटला कळेल अशा भाषेतली संमती आणि २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा हे पहिल्या दिवसापासून पाळा. नंतर मागे जाऊन संमती घेता येत नाही.

परवान्याला कमी लेखू नका. निदानाला मदत करणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे वैद्यकीय उपकरणात मोडतं. उपकरणांचे वर्ग धोक्याप्रमाणे पडतात. वर्ग ब असेल तर राज्याच्या एफडीएकडे एमडी-५ हा परवाना, वर्ग क असेल तर दिल्लीला केंद्राच्या खात्याकडे एमडी-९. वर्ग कुठला पडतो ते आधी विचारून घ्या आणि कागदपत्रांचा माणूस लवकर शोधा.

प्रायव्हेट की सेक्शन ८, याचा काथ्याकूट नंतर. सेक्शन ८ मध्ये नफा वाटता येत नाही, एवढं लक्षात ठेवलं की गुंतवणूकदार का येत नाहीत ते कळतं. खरा प्रश्न पैसे कोण देणार हा आहे. ज्याला काही त्रास नाही असा पेशंट तपासणीला खिशातून पैसे देत नाही. आम्हाला शहरातल्या फिजिशियन लोकांनी तारलं. ते त्यांच्या शुगरच्या पेशंटसाठी दर फोटोमागे पैसे देतात आणि त्यावर गावाकडची जीप चालते. बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं 'बिग' नावाचं अनुदान, पन्नास लाखांपर्यंत, जरूर मागा, पण ते १८ महिन्यांत संपतं.

नोकरी सोडायच्या आधी एक करा. तुमच्या डॉक्टर मैत्रिणीला घेऊन, ज्या तालुक्यात जायचंय तिथून सगळ्यात जवळचं लेझर मशीन कुठे आहे ते शोधा. चालू आहे का, कुठल्या वारी, नंबर किती दिवसांनी लागतो, तिथे एसटी किती वाजता पोचते आणि परतीची शेवटची कधी. एवढं लिहून टाका, मग पुढचं बोलू. आणि काळं कापड दुपदरी घ्या, एकपदरीतून उजेड येतो.