हात चालू, तारा बंद

प्रश्न : गिटारवर फंक संगीताचा स्ट्रमिंग (तारा छेडण्याचा) पॅटर्न पाठ असतो, पण गाण्याबरोबर वाजवायला घेतला की दुसऱ्याच बारमध्ये डाऊन-अप (खाली-वर) फटके उलटे होतात. (विद्यार्थी, सांगली)

पॅटर्न बाणांच्या रांगेसारखा पाठ केलात, तिथेच घोळ आहे. फोर-फोरच्या बारमध्ये चार बीट आणि प्रत्येक बीटचे चार भाग : 'वन ई अँड अ'. आकडा आणि 'अँड' नेहमी डाऊन, 'ई' आणि 'अ' नेहमी अप. कॉर्ड कुठेही येवो, मनगट सोळाच्या सोळा वेळा हलतं. मग कुठला फटका डाऊन आणि कुठला अप हे लक्षात ठेवावंच लागत नाही, ते जागेवरून ठरतं.

मेट्रोनोम (टिकटिक करून ताल देणारं यंत्र) मिनिटाला ६० बीटवर लावा आणि आधी सगळे सोळा फटके बंद तारांवर, म्हणजे डावा हात न दाबता नुसता टेकवून, मारा. ते सरळ पडू लागले की ई नाइन्थ हा कॉर्ड धरा : पाचव्या तारेवर सातवा फ्रेट, चौथीवर सहावा, तिसरी-दुसरी-पहिलीवर पुन्हा सातवा. बोटं दाबायची ती तीनच जागी : पहिल्या बीटच्या आकड्यावर, दुसऱ्याच्या 'अ'वर, तिसऱ्याच्या 'अँड'वर. उरलेले तेरा फटके नुसते चक-चक. दुसऱ्यांदा कॉर्ड अपस्ट्रोकवर येतो आणि बहुतेकांचा हात तिथेच अडतो. अडला तर खुशाल ५० वर या. शिक बँडच्या 'गुड टाइम्स'चा (१९७९) वेग ११० च्या आसपास आहे. तिथे एका फटक्याच्या वाट्याला सेकंदाचा सातवा हिस्साही येत नाही. घाई करून काय मिळणार?

प्रश्न : 'चक' वाजायच्या ऐवजी मधूनच 'टिंग' असा आवाज येतो. गिटार बिघडली आहे का? (वाचक, पुणे)

गिटार ठीक आहे. तो हार्मोनिक आहे. पाचव्या, सातव्या, बाराव्या फ्रेटवर तारेला एकाच बोटाचा हलका स्पर्श झाला की तो निघतो, आणि ई नाइन्थ नेमका सातव्यावरच आहे. उपाय एवढाच की तारेला दोन जागी स्पर्श हवा. चौथ्या तारेवरची तर्जनी थोडी आडवी करा, म्हणजे ती सहाव्या फ्रेटपाशी बारीक तारांनाही टेकेल. मधल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला लागू द्या, तीही गप्प राहील.

आणि बोटं उचलू नका, फक्त दाब सोडा. फंकचा खरा आवाज डाव्या हातात आहे असं माझं ठाम मत आहे, जरी व्हिडिओ बघणारे सगळे उजव्याकडेच बघत असतात. फंक गायक जेम्स ब्राउनच्या बँडमधल्या गिटारिस्ट जिमी नोलेनची 'चिकन स्क्रॅच' शैली हीच : उजवा हात अखंड चालू, डाव्याने तारा क्षणभर दाबायच्या आणि लगेच सोडायच्या. १९६५ सालचं 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' ऐका. कॉर्ड किती तोकडे आहेत ते कळेल.

प्रश्न : मी तबला शिकले आहे. तीनतालाच्या १६ मात्रा आणि हे १६ भाग एकच का? (वाचक, ठाणे)

नाही. इथे मात्रा चारच, आणि त्यांची चौगुन. म्हणजे प्रत्येक बीटमध्ये एक 'तिरकिट'. हे ज्यांच्या तोंडात बसलेलं असतं, त्यांना फंक इतरांपेक्षा लवकर येतं. जेम्स ब्राउन पहिल्या बीटवर, 'द वन'वर, सगळा भार टाकायला लावी. समेची सवय तिथे उपयोगी पडेल. फक्त ही सम दर चार मात्रांनी येते आणि स्नेअर ड्रम दुसऱ्या-चौथ्या बीटवर वाजत असतो. हात बसला की मेट्रोनोमचा वेग निम्मा करा आणि त्याची टिकटिक फक्त दोन आणि चारवर आहे असं धरून वाजवा.

प्रश्न : कोपरापासून हात भरून येतो. (वाचक, नाशिक)

पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) फार बाहेर काढून धरत असाल. टोक दोन-तीन मिलिमीटर पुरे, जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास. हालचाल मनगटातून करा आणि सहाही तारांवर झाडू मारू नका. शिक बँडचा गिटारिस्ट नाइल रॉजर्स बऱ्याचदा दोन-तीन तारांवरच भागवतो. तरीही दुखलं तर थांबा, रेटू नका.

प्रश्न : स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घ्यावीच लागेल का? माझ्याकडे अकूस्टिक आहे. (वाचक, कोल्हापूर)

नाही. मात्र अकूस्टिकवर मोकळे कॉर्ड टाळा, कारण मोकळी तार डाव्या हाताने पटकन बंद होत नाही. बार कॉर्ड (एकच बोट आडवं ठेवून अनेक तारा दाबायचा कॉर्ड) किंवा आधी सांगितलेला ई नाइन्थ वापरा. जाड तारांनी बोटं लवकर थकत असतील, तर ०.०१० चा (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाडीची) सेट लावून बघा.