तबला काळी एकचा, मैत्रीण काळी चारची

प्रश्न : मी अकरावीत आहे, सहा वर्षं तबला शिकतोय. कॉलेजातली मैत्रीण गाते. दर शनिवारी आम्ही एकत्र बसतो. तिची पट्टी (गाण्याचा ‘सा’, पेटीच्या पट्टीवरून ठरलेला) काळी चार, माझा तबला काळी एकचा. स्वर चढवायला गेलो तर पुडी (तबल्याचं कातडं) फाटली. शिवाय ती म्हणते, ‘तू धावतोस.’ परवा ती गाणं अर्धवट सोडून उठली. कसं जमवायचं?

उत्तर : पुडी फाटणारच होती. काळी एकपासून वरच्या काळी चारपर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या चढाव्या लागतात. पुडी जेमतेम एक-दोन पट्ट्या ताण सोसते. मुळात तबला चढवायची गरजच नव्हती. काळी चारचा मध्यम (म) म्हणजे काळी एक! भीमपलास, बागेश्री, खमाज असे शुद्ध मध्यमाचे राग ती गात असेल, तर हाच तबला मध्यमात चालेल. भूपात मात्र मध्यम नाही आणि यमनात तो तीव्र; तिथे तुझा तबला तिच्या कानाला सतत टोचेल. त्यासाठी ढाला (खालच्या स्वराचा) तबला हवा, तोंड साधारण सहा इंच, काळी चारच्या षड्जात (सा) लावलेला. विकत घेण्याआधी क्लासमधला मागून आण.

पावसाळी हवेत कातडं ओल धरतं आणि स्वर उतरतो. म्हणून तबला अर्धा तास आधी त्याच खोलीत उघडा ठेव. मग बाजूचे लाकडी गठ्ठे खाली सरकवून स्वर जवळ आण आणि गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलक्या ठोक्यांनी नेमका लाव. गजऱ्यावरचं एक घर (वाद्यांमधली जागा) लागलं की शेजारचं नको, समोरचं घे. नाहीतर ताण एकाच बाजूला जातो.

आता धावणं. तिचं म्हणणं खरं असण्याची शक्यता मोठी आहे. तिने तान घेतली की ऐकणारा हात नकळत तिच्यामागे पळतो, आणि तिहाईनंतर (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्यानंतर) वाढलेली लय परत खाली येत नाही. शनिवारचं गाणं फोनवर रेकॉर्ड कर. मिनिटाला ६० मात्रा धरल्या तर तीनतालाचं (१६ मात्रांचा ताल) एक आवर्तन, म्हणजे एक फेरी, १६ सेकंदांचं. दहावं आवर्तन १४ सेकंदांत संपलं, तर तू धावलास. हे रेकॉर्डिंग दोघांनी शेजारी बसून ऐका, आणि कुठे बिनसलं ते तिला बोट ठेवून दाखवू दे. रोज १० मिनिटं नगम्यावर (तालाइतक्या लांबीची, सतत वाजणारी धून) नुसता ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, वाजव. पुढचे दोन शनिवारही तेवढंच. लग्गी नाही, तुकडा नाही, सजावट काहीच नाही. गाणाऱ्याला आधी सम (तालाची पहिली मात्रा) हवी असते, बाकी सगळं नंतर.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, सतार शिकते. रियाजापायी शाळेतल्या मैत्रिणी दुरावल्या. रियाज कमी करायला सांगू का?

उत्तर : कमी नको, हलवा. संध्याकाळचा तास सकाळी आणा आणि रविवारची संध्याकाळ मोकळी सोडा. मैत्रिणींना नुसतं ऐकायला बसवलं तर दहा मिनिटांत कंटाळतील. त्यांच्या हातात ताल द्या. तीनतालात १, ५ आणि १३ व्या मात्रेला टाळी, ९ व्या मात्रेला खाली (टाळी न देता हात बाजूला). गाण्याचा गंध नसलेली मुलगीही दोन रविवारांत हा ताल धरते. चुकतं ते बहुधा खालीनंतर, तेरावी टाळी निसटते. तिथे तुमच्या मुलीने मिजराबीचा (तार छेडायच्या बोटातल्या नखीचा) आघात जरा ठसठशीत द्यावा, म्हणजे मैत्रिणींना पुन्हा धरता येईल.