ऑनलाइन बुद्धिबळात सहा महिने ८५० रेटिंगवर (खेळाच्या ताकदीचा आकडा) अडकलोय. रोज दहा-बारा ब्लिट्झ (पाच मिनिटांचे झटपट) डाव खेळतो, ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या चालींचे) व्हिडिओ बघतो. पुढे कसं जायचं?

ओपनिंगचे व्हिडिओ आधी बंद करा. या पातळीवरचे डाव ओपनिंगमुळे क्वचितच जातात, पंधराव्या-विसाव्या चालीला घोडा नाहीतर उंट फुकट गेल्यामुळे जातात. पटत नसेल तर तुमचे शेवटचे वीस हरलेले डाव उघडा आणि प्रत्येकापुढे एकच कारण लिहा: मोहरा फुकट दिला, दोन चालींचा डावपेच दिसला नाही, घड्याळ संपलं, की हातातला डाव सोडला. पहिल्या कारणापुढेच सगळ्यात जास्त रेघा पडतील असा माझा अंदाज आहे.

आता ब्लिट्झ. पाच मिनिटांचा डाव चाळीस चाली चालला तर एका चालीला सात-आठ सेकंद येतात. तेवढ्यात हात सवयीने चालतो, आणि बिघडलेली आहे ती सवयच. महिनाभर १५+१० खेळा, म्हणजे पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद वाढीव. दिवसाला एक डाव, फार तर दोन. डाव संपला तेव्हा घड्याळात बारा मिनिटं उरली असतील तर तुम्ही तोही ब्लिट्झच खेळलात.

मिळालेला वेळ कुठे घालायचा? समोरच्याने चाल केली की दोन गोष्टी बघा: तो मोहरा आता कशावर रोखलाय, आणि तो उठल्यामुळे मागची कुठली रेघ उघडली. मग तुमची चाल ठरवा, पण हात लावण्याआधी मनात ती केली असं समजून बघा: आता तो मला कुठले शह देऊ शकतो आणि काय काय मारू शकतो? सगळे शह, सगळी मार, अगदी वेडगळ वाटणारीसुद्धा. यात नेहमी निसटते ती गोष्ट म्हणजे राखण. घोड्याला उंटाचा जोर असतो, आपण तोच उंट दुसऱ्या कामाला उठवतो आणि घोडा जातो. दुसरी अडचण अशी की एखाद्या मोहऱ्याची आघाडी मिळाली की लोक ही तपासणी सोडून देतात, आणि तिथूनच डाव फिरतो.

कोडी रोज पंधरा-वीस मिनिटं. लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ती फुकट आहेत आणि विषयवार निवडता येतात. फोर्क (एका मोहऱ्याने एकदम दोघांवर मार), पिन (मागे मोठा मोहरा असल्याने पुढचा हलू न शकणं) आणि दोन चालींत मात एवढेच विषय घ्या. दहापैकी आठ सुटतील इतकी सोपी ठेवा. शेवटच्या चालीपर्यंत दिसल्याशिवाय पहिली चाल करू नका. ‘बघू, लागली तर लागली’ म्हणून खेळलेलं कोडं अंदाज करायचीच सवय लावतं.

ओपनिंगचं एवढंच: पांढऱ्याने इटालियन नावाची ओपनिंग खेळा (घरांच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची). ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४. काळ्याने हीच मांडणी समोर आली की उंट सी५ करा. त्यावर घोडा जी५ आला तर वजिराने सरळ मारता येतो. त्याऐवजी घोडा एफ६ केलात तर घोडा जी५ ला उत्तर डी५, आणि प्याद्याने प्यादं मारल्यावर लगेच घोड्याने परत मारायचं नाही, कारण एफ७ वर घोड्याचा बळी येतो आणि तुमचा राजा पटाच्या मधोमध ओढला जातो. घोडा ए५ खेळून उंटाला हुसकवा.

शेवटच्या टप्प्यातलं एक उदाहरण पाठच करा. पांढरं प्यादं ई६ वर, राजा ई५ वर. काळा राजा ई७ वर आणि चाल काळ्याची. राजा सरळ मागे ई८ ला गेला तर बरोबरी. डी८ किंवा एफ८ ला गेला तर पांढरा राजा समोर येऊन उभा राहतो आणि प्यादं वजीर होतं. उलट पांढरा राजा ई६ वर, प्यादं मागे ई५ वर आणि काळा राजा ई८ वर असेल, तर चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो.

हरलेला डाव आधी इंजिनशिवाय (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) बघा आणि कुठे फिरला ते स्वतः ठरवा. मग इंजिन लावा, पण कोण किती प्याद्यांनी पुढे आहे हे सांगणारा त्याचा आकडा एका चालीत दोनपेक्षा जास्त हलला तिथेच थांबा. अर्ध्या प्याद्याच्या फरकावर या पातळीला वेळ घालवणं व्यर्थ आहे. रेटिंगही रोज बघू नका. शंभर अंक इकडे-तिकडे सहज होतात, पन्नास डावांनी बघा. लागोपाठ दोन हरलात की त्या दिवशी उठा.

आणि हो, घरी आजोबांकडून देशी पद्धतीने शिकला असाल, प्यादं पहिल्या चालीला एकच घर जाणारी, तर एन पासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच मारणं) आणि कॅसलिंगचे (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) नियम एकदा नीट वाचून घ्या. राजाला शह असताना किंवा मारातल्या घरावरून कॅसलिंग होत नाही. हत्ती मारात असला तर मात्र चालतं.