सुटकेच्या कागदावर कुवेत नाही

प्रश्न : मी अमेरिकेच्या आर्मीत चार वर्षं होतो, त्यातले नऊ महिने कुवेतमध्ये. सुटताना मिळालेल्या डीडी 214 या सेवेच्या दाखल्यावर कुवेतचा उल्लेखच नाही. घरी जायच्या घाईत न वाचता सही केली. आता सहा वर्षं झाली. मित्र म्हणतो, दुरुस्तीची तीन वर्षांची मुदत टळली.

उत्तर : मीही तशीच सही केली होती, म्हणून तुमची चुटपुट कळते. तीन वर्षं मोजतात ती चूक लक्षात आल्यापासून. पण तुमची सही आहे, त्यामुळे बोर्ड, म्हणजे आर्मीच्या नोंदी दुरुस्त करणारं मंडळ, सहीची तारीखही धरू शकतं. तरी दार बंद होत नाही. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड उशीर माफ करतं. उशीर का झाला, ते खरंखरं लिहा.

आधी मात्र फोर्ट नॉक्सच्या ह्यूमन रिसोर्सेस कमांडकडे, म्हणजे सैनिकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या आर्मीच्या कार्यालयाकडे, अर्ज करा. पुरावा स्पष्ट असेल तर तिथूनच डीडी 215 हा दुरुस्तीचा कागद निघतो. तिथे नकार आला, तरच डीडी 149 हा अर्ज भरून बोर्डाकडे जा. फी नाही, वकिलाची सक्तीही नाही.

सगळा जोर पुराव्यावर द्या. तैनातीचा हुकूम सापडला तर उत्तमच. नाहीतर त्या नऊ महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढा. कुवेतमधल्या पगारावरची करसवलत त्यांवर दिसते. मी त्या फालतू समजून टाकणारच होतो! सोबत्यांची सही केलेली निवेदनंही जोडा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, प्रतीच पाठवा.