घरात एकाला फ्लू झाला. आम्ही 6 फूट लांब झोपलो, हात धुतले, तरी सगळ्यांना कसा लागला?

तुम्ही लिहिलंय की झड लागली होती, खिडक्या-दारं बंद होती आणि पंखा चालू होता. कारण तिथेच आहे.

खोकताना उडणारे मोठे थेंब काही सेकंदांत खाली पडतात, 6 फुटांचा नियम त्यांच्यापुरता. पण बोलताना, नुसता श्वास सोडतानाही कितीतरी बारीक कण बाहेर पडतात. 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण शांत हवेत तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास घेतो, 1 मायक्रॉनचा 10-12 तास. कोपऱ्यात कोणी बिडी ओढली की बंद खोलीत वास सगळ्यांना येतो, तसंच हे. छताचा पंखा ती हवा बाहेर काढत नाही, नुसती ढवळतो.

हवा बदलायचं यंत्र रुग्णाच्या खोलीच्या खिडकीतच असेल: कूलर. पावसाळ्यात झाकून ठेवतात. झाकण काढा, टाकीतलं पाणी काढून टाका, पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे साधारण 34 घनमीटर. कूलरने ताशी 1000 घनमीटर हवा जरी आत ढकलली, तरी तासाला जवळपास 30 वेळा हवा बदलते. हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या रुग्णांसाठी दवाखान्यातल्या नव्या खोल्यांत 12 वेळा लागते.

पण आत आलेल्या हवेला वाट हवी, आणि घोळ नेमका इथे होतो. माजघराचं दार उघडं असेल तर कूलर रुग्णाची हवा थेट घरच्यांवर ढकलतो. ते दार लावून घ्या, फटीत जुनं लुगडं कोंबा, छपरीकडचं दार किंवा समोरची खिडकी उघडी ठेवा. मग माजघराच्या दाराच्या फटीशी, घरच्यांच्या बाजूने, उदबत्ती धरा. धूर तुमच्याकडे ढकलला जात असेल तर फट अजून नीट बुजवा, बाहेरची वाट मोठी करा. कूलर घराच्या आत ठेवलेला असेल तर उपयोग नाही, तो तीच हवा फिरवतो.

लाईट गेली तर समोरासमोरच्या खिडक्या चार बोटं तरी उघड्या ठेवा.

जेवण द्यायला आत जाताना दुपट्टा पुरत नाही, नाकाच्या बाजूने हवा शिरते. एन95 मास्क लावा, नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढी असेल तर तोही नीट बसत नाही.