क्लचच्या आवाजाआधी आरसी बघा

कोल्हापूरहून एका वाचकाने लिहिलं आहे. वय २७, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी, हातात २६ हजार पगार, घरी आई त्यांच्यावर अवलंबून. चार महिन्यांपूर्वी जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१९ची १५० सीसी बाईक ६२ हजार रोख मोजून घेतली. आता पहिला गिअर टाकताना ‘खट्ट’ वाजतं आणि क्लच सोडला की खरखर येते. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन फोडावं लागेल, १४ हजार लागतील. डीलरने ५,५०० रुपयांना दिलेल्या ‘इंजिन सुरक्षा प्लॅन’मध्ये क्लच बसत नाही, असं आता कळलं. प्रश्न असा की १४ हजार घालावेत, की ही ५५ हजारांना विकून कर्जावर नवी घ्यावी? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, पण विमा मार्चपर्यंत असल्याने काळजी नाही.’

काळजी करायची ती याच ओळीची. आरसी म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र. तुम्ही जी विकायची म्हणता, ती गाडी कागदावर तुमची नाही. नाव नसताना ५५ हजार कोण देईल? देणारा भेटलाच तर कागदांच्या नावाखाली दहा-पंधरा हजार पाडून मागेल.

विम्याबद्दलचा तुमचा समज तर फार धोक्याचा आहे. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो, म्हणजे तुमच्या धडकेत दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई होऊ शकते. पण गाडी चोरीला गेली किंवा मोडली तर कंपनी दावा नाकारू शकते, कारण तिचा करार आधीच्या मालकाशी आहे. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण नोंदणीकृत मालकालाच मिळतं. तुम्ही रोज हायवेने एमआयडीसीत जाता. उद्या काही झालं तर तुमच्या आईच्या हाती त्यातला एक रुपयाही येणार नाही. हे संरक्षण वर्षाला तीन-चारशे रुपयांत मिळतं. त्याऐवजी तुमच्याकडून ५,५०० घेतले ते अशा प्लॅनसाठी, जो झिजणारे भाग वगळतो. सात वर्षं चाललेल्या बाईकमध्ये आधी झिजणार काय, तर क्लच प्लेटा आणि चेन. हे विकणाऱ्याला ठाऊक असतं. त्याच्याकडे लेखी परतावा मागा, पण ते पैसे हिशेबात धरू नका.

मोटार वाहन कायद्यानुसार खरेदीदाराने ३० दिवसांत नाव बदलाचा अर्ज करायचा असतो. तुम्हाला चार महिने झाले. आधी परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलनं बघा. बोजा दिसला तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागेल. मग नाव बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाच्या सह्या. डीलर ‘करून देतो’ म्हणत असेल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का ते विचारा, आणि मूळ मालकाचा नंबर आजच मागून घ्या. तो माणूस परगावी गेला किंवा वारला तर हे काम कितीतरी पटींनी अवघड होतं. त्याला स्पष्ट सांगा की हे त्याच्याही गळ्याशी येणारं आहे: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच म्हटलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. फी, उशिराचा दंड, एजंट धरून दोन-अडीच हजार जातील. नाव झालं की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा.

आता आवाज. थंड इंजिनवर पहिल्या गिअरला ‘खट्ट’ होणं बऱ्याच बाईकना असतं. आधी क्लच वायरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नीट करा, चेन ताणा, ऑइल बदला. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही बाईकच्या ऑइलची खूण हवी. चारचाकीच्या ऑइलने क्लच घसरू शकतो. हे सगळं हजारभरात होतं. क्लच दाबल्यावर खरखर थांबते का ते बघा. थांबत असेल तर दोष बहुधा क्लचच्या बाजूचा, बेल (प्लेटा बसतात तो डबा) नाहीतर बेअरिंग. क्लच असेंब्ली साधारणपणे बाजूचं कव्हर काढून बघता येते, त्यासाठी अख्खं इंजिन फोडायची गरज नसते. प्लेटा मजुरीसकट दोन-अडीच हजारांत होतील, बेल लागली तर थोडे जास्त. मात्र चालता चालता गिअर सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल, आणि तेव्हाही दुसऱ्या गॅरेजचा अंदाज घेतल्याशिवाय १४ हजारांना हो म्हणू नका.

नवी गाडी मात्र आत्ता नको. १ लाख १० हजारांचं कर्ज, १४ टक्के, तीन वर्षं, म्हणजे हप्ता पावणेचार हजार आणि व्याज २५ हजार. २६ हजारांच्या पगारात एका क्लचपायी एवढं ओझं कशाला? पत्रात बचतीचा उल्लेखच नाही. तेच पावणेचार हजार दर महिन्याला रिकरिंगमध्ये टाका, वर्षात ४५ हजार होतील. तोवर ही गाडी तुमच्या नावावर असेल, आणि विकायचीच झाली तर खरा भावही तेव्हाच मिळेल. या आठवड्यात गॅरेजला नको, आधी आरटीओत जा.